थिएटरात बोलायचं नाही

६ जुलै १९९८, सोमवार

आज तीन विद्यार्थी माझ्या गळ्यात घातले. खाजगी पॅरामेडिकल कॉलेजची मुलं, ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचा कोर्स. सहा महिने आमच्या आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात प्रॅक्टिकल. सुपरिंटेंडेंट साहेब म्हणाले, "अमृतराव, तुमच्याशिवाय कोण शिकवणार?"

पस्तीस वर्षं मी थिएटर असिस्टंट. या पोरांच्या हातात कागद पडला की ती पहिल्या दिवसापासून माझ्या वरच्या ग्रेडला लागतील. जानेवारीअखेर मी रिटायर. म्हणजे माझी जागा कशी घ्यायची हेही मीच शिकवायचं.

दोन मुलं निर्मलकडची, तेलुगू. तिसरी मुलगी, पंचफुला, बोथजवळच्या खेड्यातली, मराठी. आडनाव विचारलं तेव्हा कोणातली ते समजलं. बाप लोकांच्या शेतात मजुरीला होता, आता भाऊ मास्तर आहे. सरकार चांगलं करतं यांचं. आमच्या पोराला कोणी काही दिलं नाही, तो नागपूरला स्वतःच्या हिमतीवर लागला.

९ जुलै, गुरुवार

हात धुण्यापासून सुरुवात. बोटं वर, पाणी कोपरावरून खाली, एकदा धुतले की कशाला शिवायचं नाही. मुलांनी दोनदा नळाला हात लावला. मुलीनं नाही.

मग सुन्न करायच्या औषधाच्या बाटल्या दाखवल्या. साधी बाटली, म्हणजे प्लेन. दुसरी लाल पट्टीची, तिच्यात अ‍ॅड्रेनलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. बोट, कान, नाकाचं टोक इथं लाल पट्टी कधीच नाही, रक्त थांबून तेवढा भाग मरतो. पंचफुलानं वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

नवे सर्जन डॉ. रविंदर हैदराबादहून आलेत. हुशार असतील, पण बोलतात मास्कच्या आत. आज मी दोनदा भलतंच हत्यार दिलं, कारण ऐकू जाईल असं ते मागतच नाहीत. आधीचे सर्जन हमीद साहेब, त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत जायचा. शिवाय त्यांचा नुसता तळवा पुढं आला तरी काय पाहिजे ते मला कळायचं. वीस वर्षं आम्ही दोघांनी अशी काढली.

१२ जुलै, रविवार

पंचफुला घरी आली होती. मी दिलेल्या हत्यारांच्या तक्त्यावर काही विचारायचं होतं. पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो. पद्मिनीनं तिला चहा दिला. कप नंतर वेगळा ठेवला, नवा सेट आहे म्हणून. मग दोघी ओट्यावर बराच वेळ कुजबुजत बसल्या. बायकांना विषय लागत नाही.

हल्ली पद्मिनीही तोंडातल्या तोंडात बोलते. मी विचारलं काय म्हणालीस, तर चिडून ओरडते.

२० जुलै, सोमवार

या मुलीनं नवीनच खूळ काढलंय. डॉक्टर काही म्हणाले की ही माझ्या मागून तेच मोठ्यानं म्हणते. "मॉस्किटो, सर." "कॅटगट, सर." चिमटा असो की टाक्यांचा दोरा, पोपटासारखं. हर्नियाच्या एका ऑपरेशनात पंचवीस वेळा म्हणाली असेल.

काम मात्र आज सुरळीत झालं. डॉक्टर एकदाही चिडले नाहीत. हळूहळू त्यांना माझ्या हाताची सवय होतेय.

११ ऑगस्ट, मंगळवार

हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हची घंटी बिघडलीय. तीन आठवडे वाजलेली नाही. वेळ भरली की पंचफुला न सांगता उठते आणि बंद करते, घड्याळ बघत असेल. आज मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, घंटी चालू आहे. मी म्हणालो, वाजवून दाखव. त्यानं काहीतरी केलं आणि माझ्याकडं बघत राहिला. मीही त्याच्याकडं बघत राहिलो. न दुरुस्त करताच गेला. सगळा कारभारच असा.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

आज माझा अपमान झाला.

अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. मुलगी नेहमीसारखी मागून बोलत होती. डॉ. रविंदर काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. विनोदिनी सिस्टरसुद्धा. बाहेर आल्यावर निर्मलच्या एका पोराला विचारलं. तो सांगेना. दरडावलं तेव्हा म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणाले, काका, आपकी ट्रान्सलेटर अच्छी है."

पंचफुलाला हत्यारांच्या खोलीत बोलावलं.

"थिएटरात बोलायचं नाही. सर्जन मागतो, मी देतो. बाकीचे मुके. समजलं?"

"पन सर, डॉक्टर लई हळू बोलतेत, म्हून मी..."

"मला ऐकू येतं."

ती म्हणाली, "हाव सर." हे मात्र मोठ्यानं, अगदी समोर येऊन. मुद्दाम.

शिस्तीच्या रकान्यात तिला दहापैकी तीन दिले.

९ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर थिएटर शांत आहे. असंच पाहिजे. डॉक्टर मात्र परत चिडचिडे झालेत. आज हातातली कात्री ट्रेमध्ये आपटली. तरुण रक्त.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कापसाच्या जिनिंगचा हंगाम सुरू झाला की बोटं यायला लागतात. आज मारोती नावाचा सव्वीस वर्षांचा माणूस आला. रोलरमध्ये उजव्या हाताचं पहिलं बोट सापडलं होतं. टोक चेचलेलं, पण डॉक्टर म्हणाले की वाचेल. शिवायचं होतं.

डॉक्टर दाराशी मिलच्या माणसाशी बोलत होते. तिथूनच मान वळवून औषध मागितलं. मी हात धुऊन, हातमोजे घालून सिरिंज घेऊन उभा. बाटली धरायला पंचफुला. तिनं साधी बाटली उचलली. मी नको म्हणून मान हलवली. डॉक्टरांच्या बोलण्यात अ‍ॅड्रेनलिन मी स्पष्ट ऐकलं होतं.

ती म्हणाली, "सर, प्लेन..."

"तुला ऐकू येत नाही का? अ‍ॅड्रेनलिन म्हणाले. आणि बोलायचं नाही सांगितलंय."

तिनं साधी बाटली ठेवली, लाल पट्टीची धरली. मी भरलं, डॉक्टरांनी टोचलं. बोटात अ‍ॅड्रेनलिन? मला क्षणभर वाटलंच. पण हैदराबादला आता नवीन पद्धती निघाल्या असतील. सर्जनला उलट विचारायची माझी सवय नाही.

शिवण सुंदर झाली. रक्त अगदी कमी.

१४ नोव्हेंबर, शनिवार

वॉर्डातून जाताना मारोतीनं हाक मारली असावी. हात हलवत होता म्हणून थांबलो. पट्टीच्या टोकातून नख दिसत होतं. जांभळं नाही, काळं.

तो खुशीत होता. म्हणाला, "साहेब, आता बोट बिलकुल दुखून नाई राह्यलं. बरं झालं नं?"

मी म्हणालो, डॉक्टर बघतील.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

बोट मुळापासून काढलं. हत्यारं मीच दिली. पंचफुला भिंतीशी उभी होती. तिच्या डोळ्यांना पाणी आलेलं मास्कवरून दिसत होतं. थिएटरात रडणारी माणसं कामाची नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

डॉ. रविंदरनी रिकाम्या बाटल्यांचा डबा उलटा केला. लाल पट्टीची सापडली. माझ्याशी काही न बोलता ती घेऊन सुपरिंटेंडेंट साहेबांकडं गेले.

बोट चेचलेलंच होतं. कदाचित तसंही गेलं असतं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांच्या खोलीत सगळ्यांचे जबाब झाले. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांनी प्लेन मागितलं होतं. त्यांचे शब्द कारकुनानं लिहिलेत, मी कागदावर वाचले: "काका, एड्रेनलिनवाला नहीं, प्लेन देना."

विनोदिनी सिस्टर म्हणाली, मी निर्जंतुक कपड्यांच्या ड्रमजवळ होते, लक्ष नव्हतं. निर्मलच्या पोरांनी "तेलियदु, तेलियदु" म्हणत माना हलवल्या. त्यांना काहीच ठाऊक नाही म्हणे.

मी लिहून दिलं की बाटली विद्यार्थिनीनं धरली होती आणि ती चुकीची होती. यात खोटं एकही अक्षर नाही.

पंचफुलानं मराठीत लिहिलं. अक्षर चांगलं आहे तिचं. "डॉक्टर प्लेन म्हणाले. मी प्लेन उचलली. सरांनी बदलायला लावली. सरांना कमी ऐकू येतं. हे थिएटरात सगळ्यांना माहीत आहे."

पस्तीस वर्षं! हिच्या जन्माच्या आधीपासून मी या थिएटरात उभा आहे.

साहेब खुर्चीतून पुढं वाकले आणि माझ्या तोंडासमोर मोठ्यानं विचारलं, "अमृतराव, तुम्हाला ऐकू येतं ना?"

"येतं साहेब."

"झालं तर," ते डॉक्टरांकडं बघून म्हणाले. टोचायच्या आधी बाटली बघायचं काम डॉक्टरांचंही होतं. त्यामुळं तेही खाली बघून गप्प बसले.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकशीची मिसल बंद. विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा आणि वरिष्ठांवर बेछूट आरोप. पंचफुलाचं प्रॅक्टिकल रद्द, वर्ष फुकट. तिच्या कागदावर शेरा मला लिहायचा होता. "असमाधानकारक" लिहून सही केली.

ती अ‍ॅप्रन परत द्यायला आली. व्यवस्थित घडी केलेला. माझ्याकडं पाहिलंही नाही. बाहेर तिचा भाऊ उभा होता, तो तिची पिशवी उचलून चालू लागला. मला वाटलं होतं, भांडतील.

२५ डिसेंबर, शुक्रवार

नागपूरहून मुलाचा फोन. मी उचलला, हॅलो हॅलो केलं, पलीकडं काहीच नाही. नुसती खरखर. लाइन मेली म्हणून ठेवत होतो, तेवढ्यात पद्मिनीनं फोन ओढून घेतला आणि दहा मिनिटं बोलली. हसली सुद्धा. सुनेची तब्येत विचारली.

मी खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं फोन ठेवल्यावर मी तो उचलून आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावून पाहिला.

४ जानेवारी १९९९, सोमवार

नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. इथं कोणाला दाखवण्यात अर्थ नव्हता, बातमी फुटली असती. कानाला यंत्र लावून आलेख काढला. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्म्याहून कमी. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं: चार-पाच वर्षांपासूनचं असावं.

परतीच्या बसमध्ये पद्मिनी माझ्या उजव्या कानाला लागून बसली. म्हणाली, "त्या पोरीले मीच सांगितलं होतं."

"काय?"

"ते लोक हळू बोलतेत, ह्यायले समजत नाई, तू जरा मोठ्यानं म्हनत जाय, असं. ओट्यावर. तिनं मले वचन देल्लं होतं, तुमाले नाई सांगन म्हून. नोकरीचे उरलेले सहा महिने नीट पार पडावे, एवढंच होतं माह्या मनात."

"आधी मला का नाही सांगितलंस?"

"कितीक येळा सांगितलं. तुमी म्हनत, मी पुटपुटते."



६ जानेवारी, बुधवार

दोन दिवस स्वतःला विचारतोय. मला कळलं नव्हतं, हे खरं. पण बोटात लाल पट्टी जात नाही, हे मला कळत होतं. मीच शिकवलं होतं ते. मान वळवून डॉक्टरांना एवढंच विचारायचं होतं, "साहेब, कोणती?" नाही विचारलं. विचारलं असतं तर ते सगळ्यांसमोर म्हणाले असते, काका, सुनाई नहीं देता क्या. तेवढ्यासाठी नाही विचारलं.

म्हणजे मला माहीत होतं का? कुठंतरी माहीत असल्याशिवाय माणूस एवढा घाबरत नाही.

१७ जानेवारी, रविवार

बोथच्या बसनं गेलो, पुढं दोन मैल पायी. घर सापडायला वेळ लागला नाही, मास्तरचं घर म्हटल्यावर लोकांनी दाखवलं. मास्तर नव्हता. तिची आई बयनाबाई दारात तूर पाखडत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पंचफुलाचा कॉलेजच्या अ‍ॅप्रनमधला.

पंचफुला शेतातून आली. कोणाच्या तरी शेतात कापूस वेचायला जाते. बोंडांच्या काट्यांनी बोटं खरचटलेली. मला पाहून थांबली, मग खाट ओढून दिली.

बयनाबाईनं चहा टाकते म्हटलं. मी म्हणालो, आज अमावास्या आहे, बाहेरचं घेत नाही. पंचफुलानं आईकडं पाहून नुसती नको अशी मान हलवली.

मी सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं निम्मंच आलं. "माझे कान गेलेत. नांदेडला दाखवलं."

"मले मालूम हाय सर."

"तू खरं लिहिलं होतंस."

"हाव."

"माझी चूक झाली, पंचफुला. मोठी चूक झाली."

ती उठून माझ्यासमोर आली. उजव्या बाजूला उभी राहिली आणि थिएटरात बोलायची तशी, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलली. शेजारच्या घरातली माणसंही बाहेर आली.

"सर, हे इथं सांगून काय उपेग? इथं सगळ्यायले मालूम हाय. तिकडं लिवून द्या."

"देईन. पण आता पंधराच दिवस राहिलेत. पेन्शनची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. रिटायर झालो की लगेच..."

"रिटायर झाल्यावर तुमचा कागद कोन वाचते, सर?"

मी चपला पायात घालायला लागलो.

"माह्यं वरीस गेलं ते गेलं. पन भाऊ म्हनते, सायबानं लिवून देल्लं तर कालेज परत घेते. परीक्षा मार्चात हाय. तुमी आता देल्लं तर होते, मंग नाई होत."

मी म्हणालो, या आठवड्यात देतो. तिनं हात जोडले. बसच्या फाट्यापर्यंत सोडायला आली नाही. यायला कशाला पाहिजे होतं?

२९ जानेवारी, शुक्रवार

कागद चार वेळा लिहिला. शेवटचा चांगला झाला. नांदेडच्या आलेखाची प्रतही जोडली. तो खिशात घेऊन अकरा वाजता साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेब उठून उभे राहिले. माझा खांदा धरून कानाशी मोठ्यानं म्हणाले, "या या, अमृतराव! तुमचंच काम करतोय." फाइल उघडीच होती. "पस्तीस वर्षांत एक डाग नाही हो तुमच्या सर्व्हिसला. असे मुलाजिम आता मिळत नाहीत." आणि माझ्यासमोर सही केली. शिपायाला चहा आणायला सांगितलं.

चहा प्यालो. साहेबांनी विचारलं, "आणखी काही?"

"नाही साहेब. आभार मानायला आलो होतो."

साहेब माझ्या कानाशी येऊन का बोलले, हे बाहेर व्हरांड्यात आल्यावर लक्षात आलं. त्यांनाही माहीत आहे. तेव्हाही होतं.

उद्या शेवटचा दिवस. उद्या देईन.

३० जानेवारी, शनिवार

चार वाजता मीटिंग हॉलमध्ये निरोप समारंभ. शाल, हार, घड्याळ. साहेब बोलले, विनोदिनी सिस्टर बोलली, डॉ. रविंदरही दोन वाक्यं बोलले. सगळे टाळ्या वाजवताना दिसले की मी हात जोडत होतो. निर्मलच्या पोरांनी वाकून नमस्कार केला. एकाला मार्चनंतर इथंच घेणार आहेत म्हणे.

हार गळ्यात घेऊन पायऱ्या उतरत होतो, तर खाली मारोती. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आला होता, दिवसभर रांगेत होता. त्यानं चार बोटांच्या हातानं नमस्कार केला.

"साहेब, बधाई हो."

मी विचारलं, काम मिळालं का. तो म्हणाला, मिलवाले आता घेत नाहीत, पकड राहत नाही. मग आणखी काही म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही. मी नुसतं हसलो. त्यानं ओळखलं असावं. जवळ येऊन परत विचारलं, मोठ्यानं.

"मी म्हनलं, थे मराठी बोलनारी पोरगी कुठी हाय? बोट काढलं त्या दिवशी थे माह्यापाशी बसली होती सांजवरी. मले पानी पाजलं. आज दिसून नाई राह्यली."

खिशातला कागद शालीखाली छातीला टोचत होता. साहेबांची खोली वीस पावलांवर होती, दार उघडं होतं.

"तिचं ट्रेनिंग संपलं," मी म्हणालो.

"बरं झालं," मारोती म्हणाला. "चांगली नर्स होईन थे."